बंद घरातला कॅमेरा लाइट गेली की ऑफलाइन जातो: वीज किती लागते आणि बॅकअप कशावर द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजापूरकडे गावात घर आहे, स्वतः डोंबिवलीला, घर उघडतं ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. दोन वायफाय कॅमेरे लावलेत, एक पडवीत आणि एक मागच्या दाराला, फायबरचं कनेक्शन घेतलंय. पावसाळ्यात लाइट गेली की दोन्ही ऑफलाइन, आणि घरच्यांचं म्हणणं की चोवीस तास कॅमेरे चालू ठेवले तर बिल किती येईल. बॅकअपला पॉवरबँक लावू का इन्व्हर्टर घेऊ, असं विचारलंय.

मी याच पट्ट्यात कॅमेरे आणि इलेक्ट्रिकचं काम करतो, बंद घरांचंच काम जास्त असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी बिलाचं, कारण ती भीती उगाच आहे. साधा वायफाय कॅमेरा दिवसा दोन ते तीन वॅट घेतो. अंधार पडला की त्यातले इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि तोच चार ते सहा वॅटवर जातो. फिरणारा कॅमेरा असेल तर मोटर फिरते तेवढ्यापुरते एक-दोन वॅट वर. पांढरा लाइट लावून रात्री रंगीत दाखवणारा असेल तर आठ-दहापर्यंत जातो. तुमचे साधे आहेत, सरासरी चार धरा, दोघांचे आठ. फायबरचा डबा, म्हणजे ज्यात राउटर पण आतच असतो तो, आणखी आठ. झाले सोळा वॅट. ॲडॉप्टरमध्ये थोडी वीज वाया जाते म्हणून मीटरवर एकोणीसच्या आसपास पडतात. १९ वॅट गुणिले ७२० तास म्हणजे महिन्याला पावणेचौदा युनिट. युनिटला सगळं धरून आठ रुपये पकडले तरी एकशे दहा रुपये, आणि स्थिर आकार तर घर बंद असलं तरी भरताच.

विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी घरी गेलात की एक करून बघा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीजचा प्लग पण काढा, फक्त कॅमेरे आणि राउटर चालू ठेवा आणि मीटर पेटीपाशी उभे राहा. मीटरवर लाल एलईडी लुकलुकतो, बाजूला एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे साधारण ०.३१ वॅट-तास. वरचा लोड असेल तर एका लुकलुकीनंतर दुसरीला जवळजवळ एक मिनिट, म्हणजे ५९-६० सेकंद लागतील. दहा-पंधरा सेकंदाला लुकलुकत असेल तर घरात दुसरं काहीतरी वीज खातंय, पंप स्टार्टर, जुना टीव्ही किंवा कुठेतरी ओलीत लीकेज, आणि ते शोधणं कॅमेऱ्याच्या बिलापेक्षा महत्त्वाचं आहे कारण बंद घरात लीकेज असणं बरं नाही.

आता मुख्य गोष्ट. लाइट गेल्यावर कॅमेरा ऑफलाइन दिसतो तेव्हा सगळे कॅमेऱ्यालाच बॅटरी लावायला बघतात. कॅमेरा एकटा चालू राहून तुम्हाला डोंबिवलीत काही दिसणार नाही, फायबरचा डबा बंद पडला की संपलं. साखळी अशी आहे: कॅमेरा, फायबरचा डबा, मग गावातल्या केबलवाल्याची लाइन, मग त्याचं ऑफिस. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात, पुढच्या दोन त्याच्या. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी त्याला सरळ विचारा की मधे कुठे पोलवर लाइटीवर चालणारा स्विच किंवा कन्व्हर्टर आहे का. निव्वळ स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचे अनेक फाटे करणारे तुकडे, असतील तर त्यांना वीज लागत नाही, फक्त त्याच्या ऑफिसातल्या मशिनला बॅकअप पाहिजे. शेजाऱ्याकडे त्याच लाइनचं कनेक्शन आणि इन्व्हर्टर असेल तर अजून सोपं, लाइट जाऊन तासभर झाल्यावर त्याच्या डब्यावर लॉसचा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो का ते विचारा. लागत असेल तर तुम्ही घरात कितीही मोठी बॅटरी लावा, लाइव्ह दिसणार नाही. तेव्हा निदान रेकॉर्डिंग तरी आत होत राहावं एवढंच बघायचं, आणि त्यासाठी कॅमेऱ्यात मेमरी कार्ड हवंच. १०८० पिक्सेलचा कॅमेरा एक एमबीपीएसवर सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे ११ जीबी, १२८ जीबीच्या कार्डावर अकराएक दिवस मावतात. कार्ड घेताना कॅमेऱ्यासाठी बनवलेलं, सतत लिहिणं सोसणारं घ्या, मोबाइलमधलं जुनं काढून घालू नका, वारंवार लाइट जाऊन-येऊन कार्ड खराब व्हायचे प्रकार फार होतात.

कार्डावरून अजून एक, जे कोणी सांगत नाही. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळाची वेगळी बॅटरी नसते, ते वेळ इंटरनेटवरून घेतात. लाइट जाऊन आली, कॅमेरा सुरू झाला पण नेट आलं नाही, तर रेकॉर्डिंगवर १९७० साल किंवा असलं काहीतरी पडतं. चोरी झाल्यावर पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर तारीख-वेळ चुकीची असलेलं फुटेज म्हणजे डोक्याला ताप. कॅमेऱ्याची वीज जाऊच दिली नाही तर वेळ टिकून राहते, त्यामुळे नेट गेलं तरी कॅमेरा बंद पडू न देणं याला अर्थ आहे.

आणि एक समजून घ्या, चोराला मीटर पेटी बाहेर असते हे माहीत असतं. मेन खाली ओढला की घरातलं सगळं बंद. म्हणजे बॅकअप नुसता पावसासाठी नाहीये, ज्या दहा मिनिटांसाठी आपण कॅमेरा लावलाय त्याच दहा मिनिटांसाठी तो लागतो.

पॉवरबँकचं सांगतो. नको. कारण बऱ्याच पॉवरबँक चार्ज होत असताना बाहेर वीज देत नाहीत, आणि ज्या देतात त्यातल्या अनेक लाइट जाता-येताना क्षणभर तुटतात, तेवढ्यात कॅमेरा रीस्टार्ट होतो. शिवाय महिनोन्महिने फुल चार्जवर टांगलेली लिथियम बॅटरी फुगते, बंद घरात लाकडी फडताळावर अशी वस्तू ठेवून जाणं मला पटत नाही.

राउटरसाठी मिळणारे मिनी यूपीएस मात्र चांगले आहेत, फक्त त्यावरचा आकडा नीट वाचायचा. १०४०० एमएएच लिहिलेलं असतं आणि आपण बारा व्होल्टने गुणतो, तसं नसतं. आत ३.७ व्होल्टचे चार सेल असतात, प्रत्येकी २६००, म्हणजे ३८ वॅट-तास, त्यातले बारा व्होल्ट बनवताना थोडे जातात, हातात येतात बत्तीसच्या आसपास. तुमचा सोळा वॅटचा लोड दोन तास चालेल, नवीन आहे तोपर्यंत. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते तिथे फ्लॅटमधल्या राउटरला हे बरं पडतं, पण राजापूरकडे जुलैत झाड तारेवर पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी येईल याची खात्री नाही, तिथे दोन तासांनी काय होणार? बॅटरीचा हिशोब कायम वॅट-तासात करा, एमएएचमध्ये केलात की फसलात.

मोठा इन्व्हर्टर आणि दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी ही तुमच्या प्रश्नातली दुसरी सूचना. चालेल, नाही असं नाही, बारा व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, सत्तर टक्के वापरले तरी साडेबाराशे. पण इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला पंधरा-वीस वॅट खातो. म्हणजे तुमचे १९ आणि त्याचे २०, निम्मी बॅटरी इन्व्हर्टरलाच जाते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट बनवायचे, ते वायरीतून न्यायचे आणि ॲडॉप्टरमध्ये परत बारा करायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. तरीही तीस तास मिळतात म्हणा, पण खरी अडचण पुढे आहे, त्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. घरात माणसं राहत असतील तर मी बेलाशक हाच सल्ला देईन, पंखे-दिवे पण चालतात. सहा-सहा महिने बंद घरात पाणी कोण बघणार? आधीच इन्व्हर्टर घेतलेला असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, इको मोडवर लाइट जाताना वेळ जास्त जातो आणि राउटर रीस्टार्ट होतो. काँप्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सात एएचची छोटी बॅटरी असते, दीडेक तासापुढे जात नाही आणि ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, त्यामुळे त्याचा विचार सोडा.

मी बंद घरांना बसवतो ते असं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी (पॉवरबँकमधल्या लिथियमपेक्षा वेगळ्या जातीची), १२.८ व्होल्ट, बीएमएस म्हणजे बॅटरी सांभाळणारं, गरज पडली की तोडणारं सर्किट आत असलेली. वीस एएच घेतली तर २५६ वॅट-तास, तुमच्या लोडला चौदा-पंधरा तास. तीसची घेतली तर एकवीस-बावीस. तिला योग्य चार्जर आणि बॅटरीतून पुढे एक बारा व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर, ज्याला बक-बूस्ट म्हणतात. हा कन्व्हर्टर वाचवायचा म्हणून लोक बॅटरीवरूनच कॅमेरा जोडतात, करू नका, चार्ज होताना बॅटरीवर साडेचौदा व्होल्टपर्यंत जातं आणि उतरताना अकराच्या खाली, डब्याला आणि कॅमेऱ्याला दोन्ही त्रासाचं. बॅटरीच्या प्लस टोकाजवळच पाच ॲम्पियरचा फ्यूज घाला, लांब नाही, टोकाजवळ, कारण या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर वायर लालभडक होते. पूर्ण सेट मिळतो तयार डीसी यूपीएस म्हणून, तो घेतलात तरी चालेल, पण आत बॅटरी कोणती आणि किती वॅट-तासांची ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

इथे एक गोष्ट मी दर वेळी तपासतो, आणि बंद घरासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची समजा. बॅटरी पूर्ण उतरून सगळं बंद पडलं आणि मग लाइट आली, तर आपोआप सुरू होतं का? काही यूपीएसना बटण दाबावं लागतं. लिथियमची बीएमएस एकदा तुटली की बॅटरीच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसतात, आणि काही चार्जर शून्य दिसलं की बॅटरीच नाही असं धरून चार्जिंग सुरूच करत नाहीत. म्हणजे दोन दिवस लाइट गेली, तिसऱ्या दिवशी आली, गावात सगळ्यांचे टीव्ही चालू, आणि तुमचे कॅमेरे गणपतीत तुम्ही जाऊन बटण दाबेपर्यंत बंद. म्हणून बसवताना दिवसभर मेन बंद करून बॅटरी खरोखर संपू द्यायची, सगळं विझलं की अजून तासभर थांबायचं, मग मेन चालू करून काहीही न हात लावता दहा मिनिटं बघायचं. कॅमेरे मोबाइलवर आले तरच पैसे द्या. बसवणारा टाळाटाळ करेल, वेळ जातो म्हणून, पण आग्रह धरा.

वायरचं आता. लोक म्हणतात कॅमेरा दिवसा छान चालतो, रात्री सारखा बंद-चालू होतो, कॅमेरा खराब आहे. नव्वद टक्के वेळा कॅमेरा चांगला असतो. रात्री इन्फ्रारेड लागले की करंट वाढतो आणि लांब बारीक वायरीत व्होल्ट पडतात. हिशोब बघा, कॅट सिक्स केबलची एक तार शंभर मीटरला आठ-साडेआठ ओहम असते. मागच्या दारापर्यंत २५ मीटर केबल गेली, जाऊन-येऊन ५० मीटर, सव्वाचार ओहम. दिवसा ०.२ ॲम्पियरला एक व्होल्टसुद्धा पडत नाही, रात्री ०.५ ला दोन व्होल्ट जातात, बाराचे दहा राहतात आणि कॅमेरा गचके खायला लागतो. दोन-दोन तारा एकत्र पिळून दिल्या की पडणं निम्म्यावर येतं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, तिच्यात याहून जास्त पडतात, ती घेऊच नका. तुमचे कॅमेरे पाच व्होल्टचे असतील, यूएसबीवाले, तर प्रकरण आणखी नाजूक, पाच मीटरची बारीक यूएसबी वायर लावली तर रात्री टोकाला साडेतीन व्होल्टपण पोचत नाहीत. अशा वेळी बारा व्होल्टच लांब न्यायचे आणि कॅमेऱ्याजवळ बाराचे पाच करणारं छोटं मॉड्यूल वेगळ्या छोट्या डब्यात बसवायचं.

डब्यावरून आठवलं, कोकणात डबा बंद नसेल तर पाली आणि मुंग्या आत जातातच. सप्लायच्या बोर्डवर पाल चिकटून मेलेली आणि बोर्ड जळालेला, हे पावसाळ्यानंतरच्या कामात नेहमीचं दृश्य आहे. वायर खालून आत घ्या, आत शिरायच्या आधी वायरीला खाली झुकलेला वळसा द्या म्हणजे पाणी तिथून टपकतं, आणि भोक सिलिकॉनने बंद करा. बॅटरी माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, मे महिन्यात तिथे तापमान फार चढतं. मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, मोकळ्या जागी.

बोर्डात बदल करायचाय तो असा की कॅमेऱ्याची लाइन सगळ्यांपासून वेगळी काढायची, तिला स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि लीकेज झालं की पडणारा स्विच एकातच. घर बंद करून निघताना बाकीचे सगळे एमसीबी पाडा, ही एकच लाइन चालू. सगळ्या घराला मिळून एकच ईएलसीबी (लीकेज झालं की पडणारा स्विच) असेल तर पावसात पंपाच्या किंवा गिझरच्या लाइनीत ओल आली की तो पडतो आणि मग कोणी येऊन उचलेपर्यंत बॅटरीचे पंधरा तास संपून जातात. काहीजण यावर उपाय म्हणून ईएलसीबीच काढून टाकतात, तसं अजिबात करू नका, जीवाशी खेळ आहे.

आणि गावाकडे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटायचा धोका असतो. तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, ॲडॉप्टर फुटतात. कमी व्होल्टेजची काळजी करू नका, ॲडॉप्टर १०० ते २४० वर चालणारे असतात, दीडशे आले तरी चालतात. जास्तीचंच बघायचं. ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र मिळतं जे स्वतः तोडतं आणि व्होल्टेज ठीक झालं की काही मिनिटांनी स्वतः जोडतं, ते घ्या, आपोआप जोडणारंच. आकाशातल्या विजेसाठी वेगळा एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचा झटका जमिनीत उतरवणारं यंत्र, आणि चांगलं अर्थिंग. तुमचं नेट फायबरवर आहे ते फार चांगलं, काचेतून वीज येत नाही, पूर्वी तांब्याच्या केबलवरून राउटर जळायचे.

सोलरचं बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. बॅटरी आणि छोटं पॅनेल असलेले कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात, बाकी वेळ झोपलेले असतात, म्हणून एवढ्याशा बॅटरीवर निभतं. बांधावर, काजूच्या बागेत, जिथे वीजच नाही तिथे सिमवाला असा कॅमेरा उत्तम. पण पडवीसमोर रस्ता असेल, दिवसभर माणसं-गुरं जात असतील तर तो सारखा जागा होऊन बॅटरी संपवतो, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन कुठे असतं. सलग रेकॉर्डिंगचा एकच पाच वॅटचा कॅमेरा निव्वळ सोलरवर चालवायचा तर दिवसाला १२० वॅट-तास लागतात, पावसाळ्यात दोन तासांचं धड ऊन धरलं तर शंभर वॅटच्या आसपास पॅनेल लागेल. वीज असलेल्या घराला हे करायची गरज नाही.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि इकडे दापोली-मंडणगड भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, मोबाइल टॉवर पण बंद पडले. असल्या वेळेला कुठलीही बॅटरी पुरणार नाही आणि त्यासाठी बजेट ठेवायचंही नाही. आपण रोजच्या पावसाळ्यातल्या सहा, दहा, पंधरा तासांसाठी तयारी करतोय.

शेवटचं, जवळजवळ फुकटातलं काम. एक साधा स्मार्ट प्लग घ्या आणि तो बॅकअपवर न लावता सरळ लाइटीवर लावा, त्याच वायफायला जोडा. कॅमेरे चालू दिसतायत आणि प्लग ऑफलाइन, म्हणजे लाइट गेलीये आणि बॅटरीवर चाललंय, तेव्हापासून तुमचे पंधरा तास सुरू. शेजाऱ्याला एक फोन करा, सगळ्या वाडीची लाइट गेलीये का फक्त आपलीच. वाडीत दिवे असतील आणि आपलाच प्लग बंद असेल तर कोणीतरी मेन पाडलाय किंवा पोलवरचा फ्यूज गेलाय, लगेच माणूस पाठवून बघायला सांगा. लाइट लांबली असेल तर ॲपमधून रात्रीचा पांढरा लाइट बंद करून नुसता इन्फ्रारेड ठेवा, तेवढाच वेळ वाढतो. फक्त हालचालीवर रेकॉर्ड करा असं सेटिंग केल्याने वीज जवळपास वाचत नाही, कॅमेऱ्याची चिप चालूच असते.

घरी गेलात की कॅमेऱ्यांच्या आणि फायबरच्या डब्याच्या ॲडॉप्टरवर मागे छापलेले व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून फोटो टाका, आणि बोर्डापासून दोन्ही कॅमेऱ्यांपर्यंत वायर किती मीटर जाते ते मोजून कळवा. त्यावरून वीसची बॅटरी पुरेल का तीसची घ्यायची आणि कन्व्हर्टर किती ॲम्पियरचा, ते नक्की सांगतो.